भोंग्याची रिकामी जागा

भोंगा बँडमध्ये वशिल्यानं आला, असं आजही काही लोक म्हणतात. म्हणोत बापडे! खरं म्हणजे तो लग्नातून आला. 'सटरफटर' या बँडचा म्होरक्या हा त्याच्या बायकोचा थोरला भाऊ. बहिणीच्या लग्नात त्याचाच बँड वाजत होता आणि ऐन वेळी ट्रम्पेटवाल्याचा ओठ सुजला. तेव्हा खुद्द नवरदेवानं, अंगात नवा कोट असताना, बसल्या खुर्चीतून, वाद्याशिवाय, नुसत्या तोंडानंच ट्रम्पेट वाजवून दिलं. नवरीनं कपाळाला हात लावला. म्होरक्यानं मात्र संध्याकाळच्या आत त्याला बँडमध्ये घेऊन टाकलं.

तेव्हापासून त्याचं नाव भोंगा पडलं, आणि गाणं कुठलंही असो, ओळ संपली की पुढची चिमूटभर जागा भोंग्याची. साहेबांची गाडी सुरू होत नाही अशी ओळ आली की तो गाडी खोकवायचा. शेजारीण रागानं निघून गेली की दार आपटायचा. रबरी भोंगे, दोन शिट्ट्या, एक फुटकी बादली आणि स्वतःचं तोंड, एवढाच त्याचा वाद्यमेळ. लोक गाण्याला हसतात की भोंग्याला, या भानगडीत कुणी पडलं नाही. पडायची गरजच नव्हती, सगळ्यांचं छान चाललं होतं.

दिवसा तो दातांच्या दवाखान्यात नोकरी करायचा. फायली काढायच्या, फोन घ्यायचे, पेशंटांना आत सोडायचं. दात कोरायच्या यंत्राचा आवाज त्यानं एकदा बाहेरच्या बाकांसमोर हुबेहूब काढला, तेव्हा दोन पेशंट उठून घरी गेले आणि डॉक्टरीणबाईंनी त्याला हात जोडले. "अहो, तुमची कला तुमच्या स्टेजवर ठेवा!" म्हणाल्या. त्याला ते पटलं. दवाखान्यात लोक त्याच्याकडे पाहायचे ते 'अजून किती वेळ?' एवढं विचारायला. स्टेजवर त्याच्याकडे बघून माणसं आधीच हसायला तोंड उघडून बसायची. त्या जागेसाठी तो जीव टाकायचा, हे सरळच सांगायला हवं.

आणि मग एका समीक्षकानं घात केला. वर्तमानपत्रात लिहिलं, 'सटरफटर हसवतात झकास. पण त्यांचं संगीत अजून अर्ध्या चड्डीत फिरतं.' म्होरक्याची पन्नाशी नुकतीच उलटली होती. ती अर्धी चड्डी त्याच्या फार जिव्हारी लागली. त्यानं जाड काड्यांचा चष्मा घेतला, काळे कपडे शिवले, चेलो वाजवणारी एक गंभीर बाई आणली. चेलो म्हणजे व्हायोलिनचाच थोरला भाऊ, पण घरची सगळी दुःखं एकट्यानं वाहिल्यासारखा वाजतो. नव्या अल्बमचं नाव ठरलं 'गाभा'.

घरात म्होरक्या त्याला "भावोजी, तुम्ही" म्हणायचा आणि तालमीत "भोंग्या, तू". त्या दिवशी भर तालमीत तो "भावोजी" म्हणाला, तेव्हाच यानं हातातली बादली खाली ठेवली.

"भावोजी, आपण आता मोठे झालो."

"मी तर कधीचा झालोय. गुडघे दुखतात."

"तसं नाही हो. संगीतानं मोठे झालो. या अल्बममध्ये विनोद नाही, आवाज नाहीत. तुम्ही जरा विश्रांती घ्या."

विश्रांती! सरकारी खात्यातल्या माणसालाही इतक्या गोडीनं कुणी घरी पाठवत नाही. भोंगा बादली उचलून घरी आला. बायकोनं भावाला फोन लावायला घेतला, तो यानं तिच्या हातातून काढून घेतला.

"सोडून द्या तो बँड," बायको म्हणाली.

"आणि करू काय? दवाखान्यात नंबर पुकारत मरू?" असं तो तिच्यावर पहिल्यांदाच ओरडला.

इकडे स्टुडिओत वेगळीच गंमत. रेकॉर्डिंग सुरू झालं, म्होरक्यानं पहिली ओळ गायली आणि थांबला. सगळेच थांबले. ओळ संपली की भोंग्यासाठी थांबायचं, ही सवय हाडीमाशी खिळलेली. कुणी लवकर सुरू करायचा, कुणी उशिरा. जागा बुजवायला चेलोवाल्या बाईंना सांगितलं, तर त्यांनी सूर लावला रे लावला की म्होरक्या दचकून गाणंच विसरायचा. ड्रमवाल्यानं हाताची बोटं मोजून पाहिली, गिटारवाल्यानं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. काही केल्या जमेना. ती जागा किती मोठी, हे भोंग्याशिवाय कुणाला कधी ठाऊकच नव्हतं. त्याला तरी कुठे होतं म्हणा! तो आपला वाजवायचा, संपलं की संपलं.

शेवटी फोन आला. भोंगा सगळे भोंगे पिशवीत भरून धावतच गेला.

"पिशवी बाहेर ठेवा," म्होरक्या म्हणाला. त्याची नजर जमिनीवर होती. "वाजवायचं काही नाही. फक्त मनातल्या मनात वाजवायचं आणि झालं की मान हलवायची. आम्ही पुढची ओळ उचलू."

आता याला तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पण भोंगा उभा राहिला. माइकसमोर गाल फुगवून, डोळे मिटून, एक चकार आवाज न काढता त्यानं अख्खा अल्बम वाजवला. कुठे मनात गाडी खोकली, कुठे मनात बादली पडली, आणि मान हलली. बँड घड्याळासारखा चालू लागला. अल्बमच्या पाठीवर त्याचं नावही छापलं, आणि पुढे त्याचं काम लिहिलं, 'अवकाश-संयोजन'.

बायकोनं ते दोनदा वाचलं. "गप्प बसायलाच बोलावलं होतं ना? मग घरी का नाही बसता येत तुम्हाला गप्प?" एवढं बोलून ती हसली, आणि त्यालाही हसू आलं. बँडमध्ये नाव राहिलं होतं, हे काय कमी होतं? बुडत्याला काडीचा आधार.

अल्बम गाजला. त्यातही गाजल्या त्या रिकाम्या जागा! थोड्याच दिवसांत समीक्षक स्वतः दाढ धरून दवाखान्यात आला. भोंग्याला त्यानं ओळखलं नाही, काउंटरवरच्या माणसाला कोण ओळखतो? बाकावर शेजारच्या पेशंटाला तो सुजल्या गालानं समजावत होता, "सटरफटर ऐकलंत? काय ती शांतता! ओळीमागून येणारं ते मौन! प्रगल्भता म्हणतात ती हीच. आधी काय, नुसती भांड्यांची आदळआपट." भोंग्यानं त्याची फाईल काढली, जरा वेळ हातात धरली, आणि त्याला आत सोडलं. यंत्राचा आवाज या खेपेला त्यानं काढला नाही, कारण तो आतून खराच येणार होता.

अल्बममधलं शेवटचं गाणं मात्र भोंग्याच्या घशाखाली उतरत नव्हतं. म्होरक्याची आई, म्हणजे भोंग्याच्या सासूबाई, आदल्या वर्षी गेल्या. गाणं त्यांच्यावरचं. त्यात आकाश होतं, समुद्र होता, वात्सल्याचा झरा होता. फक्त सासूबाई कुठे नव्हत्या. बायकोनं ते एकदा ऐकलं आणि म्हणाली, "दादानं कोणाच्या आईवर लिहिलंय कोण जाणे." पण भावाला हे सांगायचं कुणी? भोंग्यानं तर नक्कीच नाही. त्याची जागा कशीबशी टिकली होती, तीही गप्प राहण्याच्या बोलीवर.

अल्बमचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला तो मोठ्या सभागृहात. सगळे काळ्या कपड्यांत. भोंगा मागच्या रांगेत एका स्टुलाशेजारी, सवयीनं लावलेल्या माइकसमोर, रिकाम्या हातांनी. बायको तिसऱ्या रांगेत. एकेक गाणं झालं, भोंग्यानं एकेक मान हलवली, लोकांनी मोजून-मापून टाळ्या वाजवल्या. वरच्या सज्ज्यातून कुणा जुन्या चाहत्यानं "पॉऽऽ" असा भोंगा केला, तर आजूबाजूच्यांनी त्याला गप्प केलं. भोंग्याला वाटलं, आपल्यालाच गप्प केलं.

मग शेवटचं गाणं. म्होरक्यानं पहिली ओळ गायली, आकाशाची, आणि जागा आली. भोंग्यानं डोळे मिटले. रेकॉर्डिंगच्या वेळी या जागेत तू मनात काय वाजवतोस, असं त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि आत्ता मान हलायच्या ऐवजी ते बाहेर आलं. त्यानं ठरवून काढलं नाही. शपथेवर सांगतो, ठरवायचं त्याला डोकं असतं तर तो स्टेजवर आलाच नसता.

माइकमधून सपाता फरशीवर घासत आल्या. सरक, सरक, सरक. मध्येच थांबल्या. दम घेतला. काठी दाराला टेकली. आणि घसा साफ केल्याचा एक बारीक आवाज झाला, "अंहं."

सासूबाई शेवटच्या आजारपणात अशाच यायच्या, घरातल्या तालमीच्या खोलीच्या दारापर्यंत. आत येत नसत, तक्रारही करत नसत. 'पुरे आता' एवढाच त्या खाकरण्याचा अर्थ. सगळा बँड तेवढ्यावर वाद्यं खाली ठेवायचा.

कुणी हसलं नाही. भोंग्यानं आवाज काढला आणि एकही माणूस हसला नाही, असं स्टेजवर पहिल्यांदाच घडलं. पण त्यानं ते पाहिलंच नाही. तो म्होरक्याकडे पाहत होता. म्होरक्या गाणं सोडून, लोकांकडे पाठ करून, विंगेच्या दाराकडे वळला होता. चष्मा काढून तो तिकडे बघत होता, आणि गिटारवाल्यानं सवयीनं गिटार खाली ठेवली होती. तिसऱ्या रांगेत बायकोनं पदर तोंडाशी धरला होता.

मग म्होरक्या वळला आणि पुढची ओळ गायला लागला. समुद्राची. आवाज पार फाटलेला होता, सूर कुठल्या कुठे गेला होता. तसंच त्यानं गाणं संपवलं.

कार्यक्रमानंतर मेकअपच्या खोलीत भोंगा पिशवी आवरत बसला. आपलं चंबूगबाळं आता कायमचंच उचलायचं, हे त्यानं मनाशी धरलं होतं. "चुकलं," तो म्होरक्याला म्हणाला. म्होरक्या आरशासमोर बसून चष्मा पुसत होता.

तेवढ्यात समीक्षकाचा फोन आला. खोली लहान, आवाज मोठा; सगळं ऐकू येत होतं. कार्यक्रम थोर झाला, म्हणे. प्रगल्भ झाला. फक्त शेवटच्या गाण्यात ध्वनियंत्रणेत काहीतरी बिघाड होता, घासल्यासारखी खरखर आणि कुणाचं तरी खोकणं. त्यानं त्या सुंदर शांततेचा अगदी विचका केला. पुढच्या कार्यक्रमाच्या आत तेवढं दुरुस्त करून घ्या.

म्होरक्यानं भोंग्याच्या हातातली पिशवी काढून आपल्या मांडीवर घेतली.

"बिघाड नव्हता हो तो," तो फोनमध्ये म्हणाला. "आई आली होती. पुढच्या कार्यक्रमालाही येणार आहे."