कात्री न लावलेला पडदा

नांदेडला मी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवते. त्या वर्षी प्रात्यक्षिक परीक्षेला लातूरहून जे परीक्षक आले, ते माझेच जुने सर निघाले. मला आनंद झाला आणि धास्तीही वाटली, कारण त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मी केव्हाच सोडून दिली होती.

आतड्यांना पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा एक पडदा असतो, मेसेंटरी. आमच्या वेळी तो तुटक शिकवायचे. लहान आतड्याला आहे, मोठ्याला उजवीकडे नाही, मध्ये आहे, डावीकडे पुन्हा नाही. असं वाटणारच, कारण मृतदेह उघडला की आतडी मोकळी करायला आम्ही पहिली कात्री त्यालाच लावायचो. आपणच कापायचं आणि वर तुकडे मोजायचे. पुढे ऑपरेशन करणाऱ्यांनी तो न कापता अलगद सोडवून पाहिला, तर वरून खालपर्यंत सलग, एकच. तेव्हापासून माझ्या टेबलावर त्याला कात्री लावायला बंदी आहे. बोटांनी सोडवायचा, वेळ लागला तर लागू दे.

सरांसमोर भोकरची, शेतकऱ्याच्या घरची एक मुलगी उभी होती. तिची ही शेवटची संधी होती. आज गेली तर डॉक्टर होणं संपलं. सरांनी विचारलं, उजवीकडे हा पडदा कुठं संपतो?

"संपत न्हाई सर." घाबरली की तिचं इंग्रजी पळून जायचं.

मी शेजारच्या टेबलापाशी होते, सरांनी मला हाक मारली. "काय शिकवून राहिलीस पोरांना?"

मी कुणाच्या बापाला भीत नाही, सरांना भिते. पण या बाबतीत माझी खात्री पक्की होती.

"सर, पुस्तक राहू द्या. हात घालून बघा."

मुलीनं टेबलावरच्या मृतदेहाची आतडी हलक्या हातानं बाजूला धरली. सरांची बोटं लहान आतड्यापाशी निघाली, उजवीकडे वळली, वर गेली, डावीकडून खाली ओटीपोटात उतरली. कुठंच अडली नाहीत. मग ती त्याच वाटेनं उलटी परत आली.

सरांनी हातमोजे काढले, तिचे पूर्ण मार्क लिहिले आणि तिला जायला सांगितलं.

"सकाळी मी नापास केलेल्या त्या दोघांना परत बोलव," ते मला म्हणाले. "त्यांनीही हेच सांगितलं होतं."