दत्तोपंतांचं विलायती पदक

चार माणसं रोज एकाच ओसरीवर चहा प्यायला लागली की किस्से आपोआप साठतात. कोटाच्या खिशात सुपारीची खांडं साठावीत तसे! आमची ओसरी बरकतपुऱ्यातल्या दत्तोपंतांची. दत्तोपंत माझ्याच खात्यात, सरकारी बांधकामात. संस्थानी नोकरीनं त्यांना दोन गोष्टी भरपूर दिल्या होत्या: उर्दू आणि फुरसत. त्या फुरसतीत ते पदकं जमवत. कुस्तीची, पोलोची, हॉकीची, कसलीही! स्वतः दत्तोपंतांना मात्र कधी कुणी धावताना पाहिलं नव्हतं.

*

एकदा एक इंजिनियर साहेब पेन्शन घेऊन विलायतेला निघाले आणि बंगल्यातलं सामान विकायला काढलं. आम्ही खुर्च्या बघत होतो, दत्तोपंत बटणांचा डबा उपसत होते. तळाशी चांदीचं पदक निघालं. त्यावर एक मिशाळ गृहस्थ काठी उगारून उभा.

"बघा!" दत्तोपंत मला म्हणाले, "विलायतेत विटीदांडूलाही पदक देतात!"

संध्याकाळी हाशमी साहेब आले. आमच्यात गोल्फ खेळणारे ते एकटेच, शिवाय जुन्या चिजांचे शौकीन. पदकामागची अक्षरं वाचता वाचता ते चक्क उठून उभे राहिले.

"मियाँ, ये तो गोल्फ की चॅम्पियनशिप का है! स्कॉटलंड का, पुराने जमाने का! इसके वास्ते लोगां उमर गुजार देते!"

दत्तोपंतांनी पदक पुन्हा निरखून पाहिलं. "म्हणजे विटी नाहीच?"

*

घरात चॅम्पियनचं पदक आणि खेळ ठाऊक नाही, हे बरं दिसत नाही, असं म्हणून एका रविवारी दत्तोपंत हाशमी साहेबांबरोबर मैदानावर गेले. सकाळभर त्यांच्या मागोमाग चालले. परत आल्यावर आम्ही विचारलं, "कसा काय खेळ?"

"चेंडू आपणच मारायचा, आपणच शोधायचा," दत्तोपंत पाय दाबत म्हणाले. "मग भांडायचं कुणाशी?"

*

पदकावर एक काळपट झाक होती. हाशमी साहेबांचा त्या झाकेवर भारी जीव. येतील तेव्हा उजेडाकडे धरून बघायचे, उसासा टाकायचे.

दिवाळीला वहिनींनी देवाची चांदी घासायला घेतली, त्यात पदकही घेतलं. रिठ्याच्या पाण्यात बुडवून असं लखलखीत केलं की मिशाळ गृहस्थ दहा वर्षांनी तरुण दिसायला लागला!

हाशमी साहेबांनी डोक्याला हात लावला. "भाभी, ये क्या किए! बरसों का मैल था!"

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या, "मग इतकी वर्षं सगळे गप्प का बसले?"

*

पुण्यातल्या एका शौकिनाला दाखवायला दत्तोपंत ते घेऊन गेले होते. परतताना नामपल्ली स्टेशनवर जकातीच्या जमादारानं ट्रंक उघडायला लावली.

"ये क्या?"

"मेडल. गोल्फ का."

"किसका?"

"मेरा."

जमादारानं पदकावरचा गृहस्थ पाहिला. मग दत्तोपंतांचं धोतर पाहिलं, पोट पाहिलं.

"तुमारा है तो मार के बताओ!"

दत्तोपंत इरेला पेटले. टोपलीतला पेरू काढून फलाटावर ठेवला, धोतर खोचलं आणि दोन्ही हातांनी छत्री फिरवली. छत्री मध्येच उघडली! पेरू होता तिथेच राहिला, जमादाराची पगडी मात्र उडाली.

जमादारानं पगडी उचलली, झटकली, डोक्यावर ठेवली.

"हौ, जाओ. तुमाराच है. दूसरा कोई ऐसा नै मार सकता!"

*

आणि मग मिस ग्रँट आल्या. सिकंदराबादेत शाळेत शिकवणाऱ्या, वयस्क बाई. सामान विकून गेलेले इंजिनियर साहेब त्यांचे भाऊ, आणि पदक जिंकलेलं वडिलांनी! बहिणीला न विचारताच भावानं ते विकलं होतं.

आदल्या दिवशी हाशमी साहेबांकडून बाई येणार असल्याचा निरोप आला तेव्हापासून दत्तोपंतांना जेवण गोड लागेना. "तिच्या बापाचं आहे. मागितलं तर नाही कसं म्हणू?" वहिनींनी पदक एका रेशमी खणात बांधून ठेवलं.

बाई आल्या. दत्तोपंतांनी स्वतःच ते पुढे केलं. "घ्या. तुमचं आहे."

बाईंनी खण सोडला, पदक तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि परत दत्तोपंतांच्या हातात ठेवलं.

"नको. तो शेवटचा डाव कसा जिंकला, ते वडील रोज जेवताना सांगायचे. रोज! त्याला कंटाळून आम्ही सगळी भावंडं घरातून पळालो. थोरला आफ्रिकेत, मधला इकडे धरणं बांधायला, आणि त्याच्यामागून मी."

दत्तोपंतांचा जीव भांड्यात पडला. पण राहवेना. "बाई, तो डाव तरी सांगा!"

"छे, छे!" बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "थोडक्यात सांगते."

आणि सांगायला लागल्या! चहा निवला, दुसरा आला, तोही निवला. बाई उठल्या, माझी काठी घेतली, ओसरीभर फिरल्या. शेवटचा चेंडू खड्ड्याच्या काठावर थांबला तेव्हा हाशमी साहेबांनी श्वास रोखला. चेंडू आत पडला तेव्हा इंग्रजीचं अक्षर न कळणाऱ्या वहिनींनी डोळ्याला पदर लावला.

बाई गेल्या. पुढच्या रविवारी आम्ही चहाला बसतोय, तोच फाटकाशी टांगा थांबला. आतून मिस ग्रँट घाईघाईनं उतरल्या आणि तिथूनच ओरडल्या,

"त्या दिवशी वाऱ्याचं सांगायचं राहिलंच!"