आठ पाऊणे सहा

मुलगी बारावीच्या उपयोजित गणिताचा पेपर देऊन आली आणि चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, भरतीचा प्रश्न होता! सहा मार्कांचा."

मला आनंद झाला. तो पाच मिनिटं टिकला.

या पेपरवर बरंच अवलंबून होतं. अलिबागच्या ज्या कॉलेजात तिला जायचं होतं, तिथे ऐंशीपैकी साठ मिळाले की पहिल्या वर्षाच्या गणिताचे चार क्रेडिट आधीच जमा होतात आणि तो तास करावा लागत नाही. तो तास सकाळी सातचा. काशीदहून पहिली एसटी सहाला निघते, कॉलेजच्या दारात साडेसात होतात. वसतिगृहात जागा नव्हती. म्हणजे साठ मिळाले तर कॉलेज, नाहीतर नाही.

मी प्रश्नपत्रिका हातात घेतली. एका बंदरात पहिल्या दिवशी भरती दुपारी बारा वीसला, रोज पन्नास मिनिटं उशिरा. तर आठव्या दिवशी कधी? मी कॅलेंडरच्या मागे गणित केलं. सात गुणिले पन्नास, तीनशे पन्नास. सहा वाजून दहा मिनिटं.

"तू काय लिहिलंस?"

"आधी सहा दहाच आलं होतं. मग तुमच्यासारखा ताळा केला. आठवा दिवस म्हणजे अष्टमी, आठ पाऊणे सहा. म्हणून ते खोडलं आणि सहा लिहिलं."

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, आठाची सहा, हे आमच्या किनाऱ्यावर शेंबडं पोरही सांगतं. पण पेपरात अष्टमी कुठे होती? आकडे त्यांचे होते. आणि 'प्रत्येक उत्तराचा घरच्या हिशोबाने ताळा कर' हे तिला मीच शिकवलं होतं.

तिच्या अंदाजाने त्रेसष्ट होत होते. सहा गेले की सत्तावन्न. मी प्रश्नपत्रिका घडी करून तिला परत दिली. बायकोने मात्र ओळखलं. "पेपर पोरीचा, नि तोंड तुमचं उतरलंय," ती म्हणाली.

पुढचे कित्येक दिवस मी तीच वजाबाकी करत राहिलो. उत्तर बदलत नव्हतं. भीती होतीच, पण टोचणी वेगळी होती. पाऊणपटीवर विसंबून मी एकदा खाडी ओलांडायला गेलो होतो. पाणी अर्धा तास आधी चढलं, कमरेच्या वर आलं, डोक्यावर धरलेली पिशवी वाहून गेली, मी कसाबसा परतलो. हे मी घरी कधीच सांगितलं नाही. तिला मात्र तोच नियम पाढ्यासारखा पक्का म्हणून दिला.

निकालाच्या दिवशी मोबाईल तिच्या हातात होता. मी हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

"एकसष्ट," ती म्हणाली.

मी पडदा स्वतः दोनदा पाहिला. एकसष्टच. खोडलेल्या उत्तराच्या पायऱ्यांना कुणी चार मार्क दिले, की दुसरीकडे कुठे वाढले, कळायला मार्ग नाही. तेव्हाच मी खाडीची गोष्ट सांगून टाकली.

तिने मोबाईल खाली ठेवला. "म्हणजे तुम्ही स्वतः बुडत होतात, नि मला ताळा करायला सांगत होतात?"

"व्हय," मी म्हणालो.

बायकोने विचारलं, "कुठली पिशवी? ती हिरवी? ती तर फाटली म्हणून सांगितलंत!"