मायच्या गादीचं त्रांगडं

आमच्या कुरुंद्याच्या शाळेत कोणी काही विकत घ्यायचं म्हणलं, की घेणाऱ्याच्या आधी अख्ख्या स्टाफरूमची झोप उडते! मी तर गादीच घ्यायची म्हणाले. मग काय, किस्सेच किस्से.

माझी माय कंबरेचं दुखणं घेऊन माझ्याकडं राहायला आली. मी हौसेनं फोमची गादी आणली. दुसऱ्याच दिवशी माय म्हणे, "बाई, गादी हाय का तवा? पाठ भाजून राहिली!" अन् फरशीवर झोपायला लागली. डॉक्टरनं तर फरशीवर झोपणं बंद केलेलं. सकाळी तिचे लाल डोळे पाहून माझा जीव तुटायचा.

*

विज्ञानाच्या खिल्लारे मॅडम म्हणाल्या, "इको-फ्रेंडली घ्या. कापूस न्हाईतर काथ्या. केमिकलची भानगडच नको!"

मोबाइलवर शोधलं, तर झाडून सगळ्या गाद्यांवर हिरव्या पानाचं चित्र. माय चष्मा लावून बराच वेळ बघत बसली. म्हणाली, "पाला भरतेत का गं हिच्यात?"

*

कदम सरांच्या शेतात हळद. त्यांनी घरच्या गादीत कापसासंगट पातेलंभर हळद टाकलेली. "ढेकूण फिरकत न्हाई, शंभर टक्के नैसर्गिक!"

त्याच गादीवर त्यांचे जावई पांढरं बनियन घालून झोपले. सकाळी उठले ते पिवळेधमक! आरशात बघून सासऱ्याला म्हणाले, "मामा, माझं लग्न झालंय ना?"

*

वसमतच्या दुकानात काथ्याची गादी पाहिली. माय बसली अन् लगेच उठली.

दुकानदार म्हणे, "आजी, टणक हाय. कंबरेला चांगली."

"टणकच पाहिजे तर आमची फरशी काय वाईट होती?"

मी तर हात टेकले.

*

शेवटी मायनंच गावाकडून तिची जुनी गादी मागवली. घरच्या शेतातल्या कापसाची, पण दबून पार पापड झालेली. ती आम्ही पिंजारी चाचाकडं नेली. चाचानं कापूस हातात घेऊन पाहिला. "अस्सल माल हाय! नवी काहून घेता? हाच पिंजून देतो."

दुपारपर्यंत गादी शिवून तयार. "आजी, लेटून बघा," म्हणून चाचानं दुसऱ्याचा कापूस मशीनवर घेतला. मशीनचा हा खडखडाट! आमचं बोलणं आम्हाला ऐकू येईना. अन् मागं वळून बघते तर माय ढाराढूर! तोंड उघडं, मस्त घोरून राहिली. किती दिवसांनी! मला हसू बी आवरेना अन् रडू बी आवरेना.

तेवढ्यात कापूस संपला. चाचानं मशीन बंद केली. माय चुळबुळली, कण्हली. चाचानं लगबगीनं बटण दाबलं. खडखडाट सुरू झाला, माय पुन्हा घोरायला लागली.

दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. रिकाम्या मशीनकडं बघून ओरडलं, "चाचा, कापूस तर न्हाई, मशीन काहून चालू?"

चाचानं ओठावर बोट ठेवलं. "हळू बोला, आजी झोपल्या हाईत!"