हिरव्या सहीची गाडी

माझ्या मामाला लोक ‘हिरवी सही’ म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. एका मोठ्या वर्कशॉपमध्ये तो बावीस वर्षं सुपरवायझर होता. काम झालं की त्याच्या सहीची चिठ्ठी गाडीच्या सर्व्हिस बुकात चिकटवायची, अशी तिथली पद्धत. निळ्या-काळ्या सह्यांच्या गर्दीत आपली उठून दिसावी म्हणून हा गृहस्थ हिरवं पेन वापरायचा. होता होता त्या सहीला इतकं वजन आलं, की जुन्या गाड्यांचे दलाल सांगायला लागले, “हिरव्या सहीची आहे, डोळे झाकून घ्या.” तो निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सांगतात. हे ऐकलं की मामा “काहीतरीच” म्हणतो आणि दिवसभर खुशीत असतो.

एरवी माणूस मुलखाचा संशयी. भाजीवाल्याच्या काट्यावर विश्वास नाही, हवामानाच्या अंदाजावर नाही, माझ्या नवऱ्यावर तर अजिबात नाही. विश्वास फक्त सर्व्हिस बुकावर. “माणूस थापा मारतो,” तो म्हणायचा, “गाडीसुद्धा पॉलिश लावून थापा मारते. बुक मारत नाही.”

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. चाळिशी उलटल्यावर मला एकच खूळ लागलं. गाडी हवी ती दिसायला साधी, छोटी हॅचबॅक, पण इंजिन असं की पाय ठेवला की सुसाट. नवी परवडणारी नव्हती, त्यामुळे जुनी बघायची. मॉडेल ठरलं. भांडण पिढीवरून लागलं, त्याच गाडीची जुनी दुसरी आवृत्ती घ्यायची की नंतर आलेली तिसरी.

मी तिसरीच्या बाजूची. टर्बो आहे, गिअर आपोआप पडतात, समोर स्क्रीन. मामा दुसरीवर अडून बसलेला.

“तिसरीचा गिअरबॉक्स गेला, की तो दुरुस्त करायला गाडी विकावी लागेल तुला.”

“आणि दुसरीचं काय जातं?”

“काही नाही. टायमिंग बेल्ट तेवढा वेळेवर बदल. बाकी ती तुला आणि मला पुरून उरेल.”

टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला रबरी पट्टा. मुदत संपली तरी तो काही बोलत नाही. एक दिवस चालत्या गाडीत तुटतो आणि इंजिन जागच्या जागी खलास. भरधाव रस्त्यावर असं झालं तर आतल्यांचं काय होईल, हे मामानं मला इतक्या वेळा ऐकवलंय की मला ते पाठ आहे.

तीन महिने हुज्जत घालून झाल्यावर एका रविवारी आम्ही आईची गाडी घेऊन दलालाकडे गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये दोन्ही पिढ्या शेजारी-शेजारी उभ्या होत्या. तिसरी राखाडी, बुकात दोन नोंदी आणि पुढं सगळं कोरं. दुसरी लालभडक, आणि तिचं बुक गच्च भरलेलं. दलालानं ते असं उघडलं, जणू मुलीची पत्रिका दाखवतोय.

“हिरव्या सहीची आहे, मॅडम. बेल्टसुद्धा बदललेला.”

सही करणारा त्याच्या पुढ्यातच उभा होता, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. मामानं मला डोळा मारला. मी हसू दाबत बुक हातात घेतलं आणि लॅबमधल्या सवयीनं आधी तारीख वाचली.

नऊ वर्षांपूर्वीची ती तारीख मी मेले तरी विसरणार नाही. त्या दिवशी बाबा गेले. मामा पहाटेच आला होता आणि रात्रीपर्यंत आईजवळून हलला नव्हता. हॉस्पिटलच्या कागदांवर त्यानं त्याच हिरव्या पेनानं सह्या केल्या म्हणून नर्स खेकसली होती. आणि हे बुक सांगत होतं, की त्या दिवशी त्यानं वर्कशॉपमध्ये उभं राहून ह्या गाडीचा बेल्ट बदलून घेतला!

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. “लाज नाही वाटत? खोट्या सह्या करता? हा माणूस त्या दिवशी आमच्याजवळ होता!” मी एवढी ओरडले, की रस्त्यावरची दोन माणसं थांबली. दलाल शपथा घ्यायला लागला.

मामानं चष्मा काढला, पुसला, परत घातला. बुक डोळ्यांजवळ नेलं.

“त्याला बोलू नकोस,” तो म्हणाला. “सही माझीच आहे.”

मामा लाल गाडीचं बॉनेट उघडून टॉर्च मारत होता. मला म्हणाला, “बघ.” बेल्टच्या झाकणाच्या बोल्टांवर कारखान्यात ओढलेली पिवळी रेघ असते. पाना लागला की ती तुटते. ह्या गाडीच्या प्रत्येक बोल्टवर रेघ अखंड होती. बेल्टला जन्मापासून कुणी हात लावला नव्हता.

“सोमवारी काउंटरवर झुंबड उडायची,” मामा बॉनेटमध्ये बघतच म्हणाला. “सहीसाठी लोक खोळंबायचे, शिव्या घालायचे. म्हणून शनिवारीच मी आठवडाभराच्या कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवायचो. काम आणि तारीख काउंटरवाला भरायचा. मी म्हणायचो, आपलीच माणसं आहेत, काम झाल्याशिवाय थोडीच चिकटवतील?”

“किती चिठ्ठ्या?”

“आठवड्याला चाळीस.”

“किती वर्षं?”

तो उत्तर द्यायला वळला आणि वळता वळता थांबला. त्याची नजर शेडबाहेर उभ्या असलेल्या आईच्या गाडीवर गेली होती. सहा वर्षांपूर्वी ती त्यानंच आईला निवडून दिली होती. बुक उघडलं, बेल्टच्या नोंदीपुढं स्वतःची सही बघितली, बुक मिटलं. बॉनेटसुद्धा उघडलं नव्हतं. संशयी माणूस जगात फक्त एकाच सहीवर डोळे झाकून विश्वास ठेवत होता.

“किल्ली दे,” तो म्हणाला. आईच्या गाडीचं बॉनेट उघडून त्यानं टॉर्च मारला.

पिवळी रेघ. एक, दोन, तीन, सगळ्या बोल्टांवर अखंड.

त्यानं मला त्या गाडीत बसू दिलं नाही. गाडी दुसऱ्या गाडीवर चढवून घरी आणली. आई फाटकातच उभी होती. “ठोकलीस ना?” तिनं मला विचारलं. मी काही बोलायच्या आत मामा पुढं झाला.

“ताई, तुझ्या गाडीचा बेल्ट कधीच बदललेला नाही. सही माझी आहे. काम बघितलं नव्हतं मी.”

गेल्या वर्षी मामाच्या छातीत कळ आली, तेव्हा आईनंच त्याला ह्या गाडीत घालून एकशे वीसच्या वेगानं हॉस्पिटल गाठलं होतं.

“म्हणजे तेव्हासुद्धा...?” आईनं विचारलं.

“तेव्हासुद्धा.”

आई पायरीवर बसली. भांडकुदळ बाई, पण एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मामानं स्वतः आईच्या गाडीचा बेल्ट बदलला. जुन्या बेल्टला टाचेसारख्या भेगा पडल्या होत्या, एका जागी नखानं तुकडा निघाला. संध्याकाळी तो दलालाकडे जाऊन सांगून आला, की माझी सही दाखवून गाड्या विकू नका, आधी झाकण उघडा. परत आला तो पांढराफटक पडलेला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“त्याला आनंद झाला. म्हणाला, काका, सही खरीच आहे ना? मग काळजीच मिटली.”

रोज सकाळी मामा आता एकेका दलालाकडे जातो. काही ऐकून घेतात. बरेचसे चहा विचारून वाटेला लावतात. लाल गाडी मी घेतली, पण मामानं बेल्ट घातल्यावर, आणि तिच्या बुकातल्या हिरव्या चिठ्ठ्या फाडून टाकल्यावर.

आईच्या गाडीचं काम झालं, त्या दिवशी आईनं बुक आणून त्याच्यापुढं ठेवलं. आदल्या दिवसापासून त्याच्याशी ती पहिल्यांदाच बोलली. “लिही. ह्या वेळेला काम तू स्वतः केलंस.”

मामानं तारीख लिहिली, काम लिहिलं. सहीच्या जागी पेन टेकवलं आणि हात तिथंच राहिला. मग त्यानं बुक माझ्याकडे सरकवलं.

“तू टॉर्च धरून शेवटपर्यंत उभी होतीस,” तो म्हणाला. “तू बघितलंस. तू कर सही.”