मनीरामची आगबोट

दुलीचंदला मी पहिल्यांदा नीट पाहिले ते १९३७ च्या सर्वपित्री अमावास्येला. आमच्या घाटावर सात घरांची माणसे एकत्र पितरांना पाणी देत होती. हा मात्र शंभर पावले दूर, एकटाच नदीत उभा होता.

मी गावात नवा मास्तर. कारण मागून कळले. वैनगंगेवर पुलाचे काम चालू असताना, १९०१ साली, दगड भरलेल्या होड्या ओढणारी छोटी आगबोट पुरात बुडाली. सात मजूर गेले, बोट चालवणारा मनीरामही गेला. त्याचे एकट्याचे प्रेत काठाजवळ सापडले. तेवढ्यावरून गावाने ठरवले, की त्याने वाफ बंद करून बोट पुराच्या हवाली केली आणि आधी स्वतः उडी मारली. दुलीचंद त्याचा मुलगा; गोंदियाच्या रेल्वे शेडात फिटर.

पुढच्या उन्हाळ्यात नदी आटली आणि आगबोट गाळातून वर दिसू लागली. आमगावच्या एका राइस मिलवाल्याने इंजिन घेतले. ते दुरुस्त करायला दुलीचंद रजा काढून आला. बुडालेल्या सुकरामच्या बायकोने, फुलवंताबाईंनी, घाटावरूनच त्याला टोमणा मारला, "काऊन रे, बापानं बुडवली अन् तू तारून राहिला का?"

तो गाळ खरवडत राहिला. एकेक नट घासलेटात भिजवून त्याने सोडवला. बॉयलरमधून इंजिनात वाफ सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या चाकाला घासलेट पाजले, पण ते फिरवले नाही. एका सकाळी त्याने सातही घरांना बोलावले.

"काकी, हे चाक सदतीस वर्सांत कोनी फिरवलं नाही. डावीकडं वाफ सुटते, उजवीकडं बंद होते. तूच फिरव."

"मी कायले?"

"माह्या हातावर तुमचा भरोसा नाही म्हनून."

फुलवंताबाईंनी दोन्ही हात लावले. डावीकडे चाक हललेच नाही. उजवीकडे करकरत फिरले, नऊ फेरे, आणि मग अडले. बोट बुडाली तेव्हा वाफ पुरती सुरू होती.

"म्हंजे मनीराम पळाला नव्हता," फुलवंताबाई म्हणाल्या.

"उडी मारली का नाही, ते इंजन सांगत नाही, काकी. वाफ बंद नव्हती केली, एवढंच."

त्या वाळूत खाली बसल्या. "एवढं पुरे हाय, बाप्पा."

पावसाळ्याआधी इंजिन आमगावला गेले. शेडची नोकरी सोडून ते चालवायला दुलीचंदही गेला. आज तो तिथेच राहतो. फुलवंताबाईंची नात त्याची सून आहे.