आत्माराम मेस्त्रीचं निदान

मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आत्माराम नागवेकरचं गॅरेज आहे. जांभ्याच्या तीन भिंती, वर पत्रे, रस्त्याकडची बाजू उघडी. आत्मारामने गेल्या श्रावणात साठी पुरी केली. गुडघे कुरकुरतात, म्हणून गाडीखाली जायचं तर आधी बंपर धरून बसायचं, मग कोपर टेकायचं, मग आडवं व्हायचं. बाहेर यायला ह्याच्या दुप्पट वेळ लागतो. पूर्वी दोन कारागीर होते, ते मोठ्या शोरूमला गेले. आता तो एकटाच काम करतो आणि झेपेल तेवढंच घेतो.

बत्तीस वर्षांत त्याने एक पथ्य पाळलं होतं. बंद गाडी घेऊन येणारा माणूस दोन गोष्टी विचारतो, काय झालं आणि कुणामुळे झालं. पहिल्याचं उत्तर आत्माराम नीट समजावून देत असे. दुसरं विचारलं की चिंधीला हात पुसत म्हणे, "यंत्र आहे, कधीतरी बिघडायचंच." भावाभावांची, भागीदारांची, एकदा तर नवराबायकोची भांडणं त्याने एवढ्या वाक्यावर गॅरेजबाहेर ठेवली होती. बायको राजश्री म्हणायची, "उद्या कोर्टात उभं केलं तरी तुम्ही हेच सांगाल." हे कौतुक होतं की टोमणा, ते त्याने कधी विचारलं नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी रावजी शिवगणची गाडी टोचन करून आली. चौदा वर्षांची सात सीटर, डिझेलवरची, टर्बोवाली. रावजी आणि आत्माराम एका शाळेतले. एक स्टिअरिंगमागे बसला, दुसरा बॉनेटखाली वाकला आणि दोघांचं आयुष्य तसंच गेलं. रावजीचा हात सफाईचा, हे सगळी रत्नागिरी मानते. मे महिन्यात त्याच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी पुतण्या चालवत होता.

पुतण्या म्हणजे विनोद. मुंबईतली कंपनी बंद पडली तसा बायको शमिका आणि लहान लेक सानवीला घेऊन तो गावी आला. रावजीने त्यांना घराच्या मागच्या दोन खोल्या दिल्या, सानवीला इथल्या शाळेत घातलं. रविवारी विनोद खेड स्टेशनवरून भाडं घेऊन येत होता. बावनदीच्या पुलापुढे त्याने गाडी बाजूला घेऊन बंद केली, ती पुन्हा चालूच झाली नाही.

विनोद गाडीबरोबरच आला होता, पण आत आला नाही. रस्त्यापलीकडे, बंद कारखान्याच्या कुंपणाला टेकून उभा राहिला. रावजी मात्र जुन्या टायरवर बसला आणि म्हणाला, "आत्म्या, इंजिन त्या पोराने घालवलान. वाडीत सगळ्यांना सांगितलंय मी. आता तुझ्या तोंडून एकदा येऊ दे. दिवाळीपर्यंत खोल्या खाली करून दे म्हणालोय त्याला."

"शमिका आणि सानवी?"

"मुंबईत जन्म काढलेली माणसं आहेत. जातील."

आत्माराम स्टिअरिंगमागे जाऊन बसला. त्याने चावी फिरवली. खट्ट असा एक आवाज आला, समोरचे दिवे मंदावले आणि पुन्हा शांत.

"बॅटरी?" रावजीने विचारलं.

"बॅटरी बरी आहे. पण जाम झालंय म्हणजे इंजिनच जाम झालंय असं नसतं. थांब जरा."

त्याने आधी पट्टा काढला. कधीकधी डायनामो किंवा एसीचा कॉम्प्रेसर आवळतो आणि पट्टा सगळं धरून ठेवतो. इथे दोन्ही हाताने सहज फिरले. मग सेल्फ उतरवला, त्याचा दाता इंजिनाच्या दातेरी चाकात अडकला असेल म्हणून. तोही मोकळा होता. मग क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य शाफ्टच्या, पुढच्या नटाला पाना लावला, पान्याच्या दांड्यावर हातभर लोखंडी पाइप चढवला आणि अंगाचा भार टाकला. काही हललं नाही. उलट्या बाजूने टाकला. तरीही नाही. खांद्यातून एक कळ मात्र मानेपर्यंत गेली.

"नट हलत नाय की तू?" रावजी म्हणाला.

"तू ये. तुझे हात तरणे आहेत."

"माझ्या डोळ्यांत थेंब आहेत."

"नटाला डोळे लागत नाहीत."

पण रावजी उठला नाही, आणि आत्माराम थोडा वेळ बंपरला धरून उभा राहिला. अशा वेळी हल्ली त्याला वाटायचं की हे सगळं बघून झालंय. तीच इंजिनं, तीच माणसं, टायरवर बसून निकालाची वाट बघणारी.

चारही हीटर प्लग त्याने काढले. पुन्हा पाना टाकला. आत पाणी शिरलं असतं तर इथून पिचकारी उडाली असती आणि इंजिन सुटलं असतं. भोकं कोरडी होती. म्हणजे पाणी नाही. आता उरलं तेल.

त्याने तेलाची काडी ओढली. टोकाला जेमतेम काळा ठिपका होता.

"बघितलंस?" रावजी म्हणाला. "तेलाशिवाय पळवलान."

आत्मारामने हाक मारली, "विनोद, इकडे ये रे."

विनोद पत्र्याच्या सावलीच्या कडेपर्यंत आला.

"तेलाचा दिवा लागला होता?"

"लागला. पुलावर होतो, मागे कंटेनर. पूल संपल्यावर बाजूला घेतली आणि लगेच बंद केली. मिनीट झालं असेल."

"तेल कधी बघितलं होतंस?"

विनोदने काकांकडे बघितलं. "काकांनी सांगितलंय, बॉनेटला हात लावायचा नाय. एक तारखेला ते स्वतः बघतात. निळा धूर येतो हे मी दोनदा बोललो."

"जुनी गाडी धूर मारते," रावजी म्हणाला. "आम्हाला शिकवू नको."

विनोद पुन्हा कुंपणाकडे गेला. आत्मारामने तारीख मोजली. एक तारखेला तेल बरोबर होतं, आज एकवीस. खाली जमिनीवर थेंब नव्हता, तेलाचं चेंबर बाहेरून कोरडं खटखटीत. तीन आठवड्यांत एवढं तेल बाहेर गळलं नाही, तर ते कुठेतरी जळलं होतं.

टर्बोकडे जाणारी जाड रबरी नळी त्याने सोडवली. आतून वाटीभर तेल त्याच्या हातावर ओघळलं. त्याने दोन बोटांनी टर्बोचा पंखा धरला. पंख्याचा दांडा हलता कामा नये. हा हलणाऱ्या दातासारखा चारी बाजूंनी डुगडुगत होता. सील गेलं होतं. टर्बो तेल पीत होता आणि धुरातून बाहेर टाकत होता. निळा धूर तोच.

हे एवढ्यावर थांबवता आलं असतं. पण टर्बोला तेल पुरवणारी बोटाएवढी नळी त्याने काढून उजेडात धरली. पलीकडचा उजेड दिसला नाही. तारेने खरवडली तर कोळशासारखे कडक पापुद्रे पडले, एकाखाली एक. झाडाच्या खोडात दिसतात तसे थर. पाच महिन्यांत एवढा कोळसा धरत नाही. ह्याला वर्षं लागतात.

आत्माराम ती नळी हातात घेऊन बसून राहिला. कोळसा कशाने धरला हे त्याला ठाऊक होतं. परशुराम घाट चढून माथ्यावर आलं की डिझेल वाचवायला रावजी गाडी न्यूट्रलला टाकायचा आणि चावी बंद करायचा. चिपळूणपर्यंत गाडी बिनआवाज उतरायची. आंबा घाटात तेच, निवळीला तेच. उमेदवारीच्या दिवसांत उस्तादाने शिकवलेलं. पाठीमागची पॅसेंजरं झोपलेली असायची आणि रावजी पुढे बसलेल्या आत्मारामला डोळा मारायचा. जुन्या साध्या गाड्यांत इंजिनाचं त्यात काही बिघडत नव्हतं. ही टर्बोची गाडी रावजीने नऊ वर्षांपूर्वी सेकंडहँड घेतली तेव्हा, ह्यात तसं करू नकोस, हे सांगायचं आत्मारामच्या मनात आलं होतं. रावजीला गाडी कशी चालवायची ते कोण सांगणार, म्हणून ते राहून गेलं.

"बोल की," रावजी म्हणाला. "एवढा वेळ काय बघतोस?"

यंत्र आहे, बिघडायचंच, हे वाक्य त्याच्या तोंडाशी आलं. पलीकडे कुंपणाशी विनोद फोनवर बोलत होता. बहुधा शमिकाशी, कारण पाठ फिरवून, हळू आवाजात. आत्मारामच्या लक्षात आलं की आज आपण गप्प राहिलो तर वाडी त्याचा एकच अर्थ लावणार.

"हे धर," तो म्हणाला आणि नळी रावजीच्या हातात दिली. "डोळ्याला लाव. दिसतंय काही?"

"नाय."

"टर्बोचा पंखा धुराच्या जोरावर फिरतो, मिनिटाला लाखभर फेरे. घाट चढून आला की लाल झालेला असतो. त्याला गार ठेवतं ते इंजिनाचं तेल, आणि तेल ढकलतो तो पंप इंजिन चालू असेपर्यंतच. माथ्यावर चावी बंद केली की तेल जागच्या जागी थांबतं आणि जळतं. दर घाटाला एक पापुद्रा."

रावजीने नळी खाली घेतली.

"पुढे टर्बोला तेल मिळेना. दांडा झिजला, सील गेलं, टर्बो चेंबरातलं तेल प्यायला लागला. तेल संपलं आणि इंजिनाचं बेअरिंग धरलं. ज्या दिवशी धरलं त्या दिवशी विनोद बसला होता, एवढंच."

"म्हणजे मी घालवली."

"तू घालवलीस. मला माहीत होतं, मी बोललो नाही. त्यात माझंही थोडं धर."

"आणि तो? दिवा लागल्यावर मिनीटभर चालवलान की."

"पुलावर, मागे कंटेनर असताना तू थांबला असतास? पुढच्या चढावर नेली असती तर पिस्टनचा रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला असता. आता बहुतेक क्रँक घासून परत बसेल. उघडल्यावर नक्की सांगतो."

रावजीने नळी पुन्हा एकदा डोळ्याला लावली. मग हळू आवाजात म्हणाला, "आत्म्या, सगळ्या वाडीत सांगून बसलोय रे मी. देवळातसुद्धा."

आत्मारामने चिंधीला हात पुसले. गाडीत काय बिघडलं ते तो सांगू शकत होता. वाडीत जे सांगून झालं ते परत कसं घ्यायचं, ते रावजीलाच बघायचं होतं.

रावजी टायरवरून उठला. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघायचं त्याच्या लक्षात राहिलं नाही, एका टेम्पोने हॉर्न मारला. तो विनोदजवळ जाऊन उभा राहिला. दोघंही एकमेकांकडे न बघता गॅरेजकडे बघत होते. मग टेम्पोचा आवाज विरल्यावर रावजीचं बोलणं ऐकू आलं.

"शमिकेला फोन लाव."

"कशाला, काका?"

"खोल्यांचं बोलायचंय तिच्याशी. तुझ्यामागून नको, तुझ्यासमोर बोलतो." थोडं थांबून तो म्हणाला, "आणि मग चल, काहीतरी खाऊन येऊ. मेस्त्रीला इंजिन उतरवायचंय, त्याच्याकडे माणूस नाय."

विनोदने लगेच फोन लावला नाही. आधी त्याने काकांच्या हातातली काळी नळी घेतली, डोळ्याला लावून बघितली आणि परत दिली. मग नंबर दाबला.

आत्मारामने तिकडे पाठ केली. मोकळं वगैरे काही वाटत नव्हतं, नुसता खांदा ठणकत होता. त्याने चेन पुली आढ्याच्या लोखंडी तुळईला अडकवली, साखळी खाली सोडली, एकदा ओढून बघितली आणि माणसं परत येईपर्यंत पाठ टेकायला म्हणून रावजीच्याच गाडीच्या मागच्या सीटवर जाऊन बसला.